बालचित्रफितींची बेगमी

मराठवाड्याच्या घरगुती व्यवहारात ‘बेगमी’ या शब्दाला जे वजन आहे, ते अर्थशास्त्राच्या पुस्तकांतील ‘बचत’ या शब्दाला कधीच आले नाही. कारण बचत म्हणजे खर्चून उरलेले बाजूला ठेवणे, तर बेगमी म्हणजे पुढे मिळणार नाही अशी पक्की खात्री बाळगून आजच भरून ठेवणे होय. धाराशिव जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी एक असलेला वाशी तालुका बालाघाटाच्या पठारावर आणि पावसाच्या मर्जीवर वसलेला असल्यामुळे तेथे ही कला पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली आहे. ज्वारी पेवात किंवा बळदात, सरपण मृगाआधी पडवीत, कुरडया-पापड्या पत्र्याच्या डब्यात आणि पाणी मिळेल त्या भांड्यात, अशी तिची ढोबळ विभागणी सांगता येते. या यादीत गेल्या दहा वर्षांत एका नव्या जिनसाची भर पडली असून, त्याच्यावाचून आता अनेक घरांत लेकराच्या तोंडात घास जात नाही. हा जिन्नस म्हणजे मोबाइलवरची बालचित्रफीत. आणि तिची बेगमी करणे ज्वारीच्या बेगमीपेक्षा कितीतरी अवघड का ठरते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषयप्रवेशासाठी दोन संज्ञा समजून घेणे आवश्यक आहे. चित्रफीत इंटरनेटवरून येत असतानाच पाहिली जाते तेव्हा त्या प्रकाराला ‘स्ट्रीमिंग’ म्हणतात, आणि ती आधी फोनमध्ये उतरवून घेऊन मग सवडीने पाहिली जाते तेव्हा त्याला ‘डाउनलोड’ म्हणतात. पाण्याच्या भाषेत सांगायचे तर स्ट्रीमिंग म्हणजे नळाला ओंजळ लावून पिणे आणि डाउनलोड म्हणजे हंडा भरून ठेवणे. ज्या शहरात नळाला चोवीस तास पाणी असते, तेथील माणसाने ओंजळीचे गुण गावेत हे स्वाभाविक आहे. परंतु नळाचा वार ज्याला पाठ करावा लागतो आणि उन्हाळ्यात टँकरच्या हॉर्नवर ज्याचे कान असतात, त्याला रिकामी घागर पाहवत नाही. इंटरनेटही या भागात नळाच्याच वळणावर गेले आहे. वीज गेली की टॉवर काही वेळ बॅटरीवर तग धरतो, मग रेंजच्या काड्या एकेक करून खाली बसतात आणि पडद्याच्या मधोमध एक गोल चक्र फिरू लागते. मोठी माणसे या चक्राकडे हताशपणे पाहतात. दीड वर्षाचे लेकरू मात्र तोच नवा कार्यक्रम समजून दोन मिनिटे गप्प राहते आणि तिसऱ्या मिनिटाला भोंगा काढते.

बालप्रेक्षकाचा आणखी एक विशेष येथे ध्यानात घ्यावा लागतो, तो म्हणजे पुनरावृत्तीची अमर्याद आवड. ‘बेबी शार्क’ हे कोरियन कंपनीने काढलेले बालगीत नोव्हेंबर २०२० मध्ये यूट्यूबवर सर्वाधिक पाहिले गेलेले ठरले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याने एक हजार कोटींचा आकडा ओलांडला. हा आकडा पृथ्वीच्या लोकसंख्येहून मोठा आहे, याचे आश्चर्य फक्त त्यांनाच वाटेल ज्यांच्या घरात लहान मूल नाही. साडेतीन मिनिटांचे एखादे बालगीत कमी दर्जात दहा-बारा एमबीत मावते, पण तेच गाणे दिवसातून वीस वेळा नव्याने मागवले तर दोनशे ते दोनशे चाळीस एमबी खर्ची पडतात. म्हणजे रोज दीड जीबीचे पॅक मारणाऱ्या घराच्या डेटाचा सहावा-सातवा हिस्सा एकाच माशाच्या पोटात जातो. एकदा उतरवून घेतले तर उरलेल्या एकोणीस वेळा फुकट, हा हिशेब वाशीच्या बाजारात भाजी घेणाऱ्या कोणत्याही बाईला तोंडी करता येतो. म्हणूनच रात्री पावणेबाराला, त्या दिवसाचा उरलेला डेटा बाराच्या ठोक्याला वाया जाऊ नये या हेतूने, घरातील कर्ता पुरुष अंथरुणात बसून मोर, ससे आणि हत्ती यांची साठवण करताना दिसतो. उरलेली भाकरी सकाळी कुस्करून खाणाऱ्या संस्कृतीला उरलेला डेटा टाकून देणे रुचत नाही.

अशा रात्री त्याच्या असे ध्यानात येते की शेतीची, कीर्तनाची, एवढेच काय बैलगाडा शर्यतीचीही चित्रफीत तो वापरत असलेल्या अ‍ॅपमधून बिनतक्रार उतरते, मात्र जिच्या माथी ‘मुलांसाठी’ असा शिक्का आहे तीच नेमकी अडते. या शिक्क्यामागे एक इतिहास आहे, आणि तो थेट वॉशिंग्टनपर्यंत जातो.

अमेरिकेत १९९८ साली मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाच्या रक्षणासाठी एक कायदा झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘कोपा’ म्हणून ओळखला जातो, आणि मराठी वाचकाला हे नाव ऐकून एखाद्या देवाच्या कोपाची आठवण झाली तर ती अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही. तेरा वर्षांखालील मुलाची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा करू नये, हे त्याचे सार. बालचित्रफिती पाहणाऱ्यांची माहिती गोळा करून तिच्या आधारे जाहिराती दाखवल्याचा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलने यूट्यूबवर ठेवला, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने १७ कोटी डॉलर भरून तडजोड केली. या तडजोडीतून ‘मेड फॉर किड्स’, म्हणजे ‘मुलांसाठी बनवलेले’ हा शिक्का आला. जानेवारी २०२० पासून जगभरातील प्रत्येक निर्मात्याने आपली चित्रफीत मुलांसाठी आहे की नाही, हे स्वतः जाहीर करावे असे ठरले. चुकीचे जाहीर केल्यास प्रत्येक उल्लंघनामागे ४२,५३० डॉलरपर्यंत, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे तीस लाख रुपये दंड होऊ शकतो, ही वार्ता सर्वत्र पसरली. ज्याच्या वाहिनीची वर्षाची कमाई एका शेळीच्या किमतीएवढीही नव्हती, अशा निर्मात्याचीही झोप त्या आकड्याने उडाली.

शिक्का बसताच चित्रफितीचे काय होते, हे पाहण्याजोगे आहे. नियम लागू झाले तेव्हा अशा चित्रफितीखालच्या प्रतिक्रिया बंद झाल्या, नव्या भागाची वर्दी देणारी घंटा गेली, पडद्याच्या कोपऱ्यात लहान करून पाहण्याची सोय गेली, स्वतःच्या यादीत जपून ठेवण्याची सोय गेली, आणि पाहणाऱ्याचा माग काढून दाखवली जाणारी जाहिरातही गेली. शेवटची गोष्ट सर्वस्वी योग्य होती, कारण तोच कायद्याचा हेतू होता. बाकीच्यांची तुलना, नवरीला दृष्ट लागू नये म्हणून तिला मांडवातच येऊ न देण्याच्या काळजीशी करता येईल. जिल्हा परिषदेच्या शाळेतील एखाद्या उत्साही गुरुजींनी पाढ्यांची चित्रफीत करून प्रामाणिकपणे ‘होय, मुलांसाठी’ या पर्यायावर बोट ठेवले, तर केंद्रप्रमुखांना खाली ‘अभिनंदनीय उपक्रम’ असे लिहिण्याची वाट उरत नाही. आणि शासकीय शिक्षणव्यवस्थेत ज्या उपक्रमाखाली असे लिहिता येत नाही, तो उपक्रम झाला की नाही याबद्दलच शंका राहते.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा भेद नोंदवला पाहिजे. ‘मुलांनी पाहण्यास हरकत नाही’ आणि ‘मुलांसाठी बनवलेले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे चित्रपटाला मिळणारे ‘यू’ प्रमाणपत्र पहिल्या प्रकारचे आहे. ते सर्वांना बसायला परवानगी देते, कोणाला उठवत नाही. यूट्यूबचा शिक्का दुसऱ्या प्रकारचा असून, तो पाहणारा कोण आहे हे न विचारता प्रत्येकाला मूल ठरवतो. ‘नाच रे मोरा’ हे गीत १९५३ सालच्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटातील असून ग. दि. माडगूळकरांचे शब्द, पु. ल. देशपांडे यांचे संगीत आणि आशा भोसले यांचा आवाज त्याला लाभला आहे. ते लहानपणी ऐकलेली बाई आज सत्तरी-पंचाहत्तरीला पोचलेली असते. तिने त्याची शिक्का बसलेली कार्टून आवृत्ती लावली, तर त्या साडेतीन मिनिटांपुरती ती कायद्याच्या दृष्टीने तेरा वर्षांखालची होते. वय कमी करून देण्याचा दावा करणारी अनेक मलमे बाजारात आहेत. त्यांपैकी एकालाही हे साधलेले नाही.

शिक्का आणि वस्तुस्थिती यांचे नाते वाशी तालुक्याला नवे नाही, हेही सांगितले पाहिजे. याच तालुक्यातील, सोलापूरकडून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावरचे तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध असून, त्याला ‘मराठवाड्याची शिवकाशी’ म्हणण्याचा प्रघात आहे. फटाका मोठ्यांच्या देखरेखीखालीच उडवावा, ही सूचना ऐकतच या भागातील पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या. प्रत्यक्षात दिवाळीच्या पहाटे लवंगी माळेची एकेक लवंगी सुटी करून उदबत्तीने पेटवणारा इसम आठ वर्षांचा असतो, आणि देखरेख करणारा इसम त्या आवाजाने जागा होऊन पांघरूण डोक्यावर ओढत असतो. एका वस्तूवर ‘मुलांच्या हाती देऊ नये’ असा शिक्का, दुसऱ्या वस्तूवर ‘मुलांसाठी’ असा शिक्का. दोन्ही वस्तू अखेर एकाच हातात पोचतात, फरक एवढाच की पहिली मिळायला तुलनेने सोपी आहे.

आता डाउनलोडच्या प्रचलित पद्धतींकडे वळता येईल. त्यांचे चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार अधिकृत पद्धतीचा. यूट्यूबच्या सेवाशर्तींनुसार त्यांनी स्वतः दिलेल्या बटणाखेरीज अन्य मार्गाने चित्रफीत उतरवून घेण्यास मनाई आहे, आणि हे बटण भारतात डिसेंबर २०१४ मध्ये आले. त्याने उतरवलेली चित्रफीत फोनच्या गॅलरीत दिसत नाही, दुसऱ्याला पाठवता येत नाही, मेमरी कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले तर चालत नाही. ती अ‍ॅपच्या आत कुलूपबंद राहते आणि विनामूल्य प्रकारात अठ्ठेचाळीस तासांच्या आत फोन पुन्हा इंटरनेटला जोडला नाही तर रुसून बसते. पैसे भरणाऱ्या ग्राहकाला हीच मुदत महिनाभराच्या आसपास मिळते. मराठीत ज्या व्यवहाराला ‘उसनवारी’ हा स्वच्छ शब्द आहे, त्याला येथे ‘डाउनलोड’ म्हटले जाते. मधल्या काळात ‘यूट्यूब गो’ नावाचे एक अ‍ॅप खास भारतासारख्या देशांसाठी निघाले होते; २०१६ साली जाहीर झालेल्या या अ‍ॅपमध्ये चित्रफीत किती एमबी खाणार हे आधी सांगितले जाई, आणि शेजारी बसलेल्या माणसाला ती इंटरनेटशिवाय देताही येई. वाटीभर साखरेच्या देवघेवीवर चालणाऱ्या गल्लीला हे अ‍ॅप आपले वाटावे असेच होते. ऑगस्ट २०२२ मध्ये ते बंद करण्यात आले. खास मुलांसाठी काढलेले ‘यूट्यूब किड्स’ नोव्हेंबर २०१६ पासून भारतात आहे, पण इंटरनेटशिवाय पाहण्याची सोय त्यात दरमहा पैसे भरणाऱ्यांनाच मिळते. थोडक्यात, ज्या घरात इंटरनेट कधीच तुटत नाही त्याच घराला ते तुटल्यावरची सोय परवडते.

दुसरा प्रकार दुकानाचा. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आले, त्याआधीच्या काळात तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड ‘भरून’ मिळे. ग्राहकाने दोन जीबीचे कार्ड काउंटरवर ठेवायचे, ‘निम्मी भक्तिगीतं, निम्मी डीजे, आन लेकरांचं काय आसंल त्ये टाका’ एवढे सांगून बाजार उरकायला जायचे आणि एस.टी. सुटायच्या आत कार्ड परत घ्यायचे, अशी ती पद्धत होती. स्वामित्वहक्काच्या, म्हणजे निर्मितीवर निर्मात्याचाच अधिकार सांगणाऱ्या कायद्याच्या दृष्टीने या व्यवहाराचे समर्थन करता येणार नाही. तथापि ग्रंथपालनाच्या दृष्टीने पाहिल्यास त्या दुकानदाराने वाचकाची अभिरुची, वय, घरातील माणसांची संख्या आणि गाडीची वेळ या चारही गोष्टी लक्षात घेऊन निवड केलेली असे, आणि त्या कार्डावरची गाणी अठ्ठेचाळीस तासांनी नव्हे, कार्ड धुण्यात गेल्यावरच बंद पडत.

तिसरा प्रकार परभारी संकेतस्थळांचा आणि अ‍ॅपांचा. यांच्या पानावर ‘डाउनलोड’ असे लिहिलेली पाच-सहा बटणे असतात, त्यांपैकी हिरवे आणि सर्वांत मोठे बटण कधीही खरे नसते. ते दाबले असता फोनला विषाणू लागल्याची, नशिबाने महागडा फोन जिंकल्याची किंवा परिसरातील एकाकी स्त्रिया वाट पाहत असल्याची वर्दी मिळते. लेकराला सशाची गोष्ट दाखवण्यासाठी निघालेला सज्जन पालक अशा रीतीने जेथे पोचतो, तेथे ‘मुलांसाठी’ असा शिक्का असण्याची शक्यता मुळीच नाही. मुलांना अयोग्य जाहिरातींपासून वाचवणाऱ्या नियमाचा शेवट असा होतो की त्यांचा बाप त्याहून अयोग्य जाहिराती बंद करत मध्यरात्र घालवतो, आणि एवढे करून हाती लागलेली चित्रफीत कधी कधी मुकी निघते. या मुकेपणाचे कारण तांत्रिक आहे. यूट्यूबवर चांगल्या दर्जाचे चित्र आणि ध्वनी यांच्या फायली वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात आणि पाहताना त्या एकत्र वाजवल्या जातात. उतरवणाऱ्या साधनाने ही मोट बांधली नाही तर हत्ती येतो, सोंड हलवतो, तोंडही उघडतो, आणि घरातील आजीला त्याचा आवाज स्वतः काढावा लागतो.

चौथा प्रकार ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’चा, म्हणजे फोनच्या पडद्यावर जे जे घडते ते जसेच्या तसे टिपून घेण्याचा असून, संशोधनाच्या दृष्टीने तो सर्वांत समृद्ध आहे, कारण त्यात बालगीताबरोबर त्या घराचा इतिहासही नोंदला जातो. अशा एका आदर्श नमुन्याचे वर्णन पुढीलप्रमाणे करता येईल. प्रारंभी मोर पिसारा फुलवतो. तेराव्या सेकंदाला वरून ‘बॅटरी १५ टक्के’ ही पट्टी उतरते. चाळिसाव्या सेकंदाला नात्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी फुलांचे चित्र टाकून सर्वांना शुभ सकाळ चिंतते. दुसऱ्या मिनिटाला मोराच्या अंगावर ‘दाजी भूम’ असा कॉल येतो, तो चार वेळा वाजतो आणि रेकॉर्डिंग करणारा श्वास रोखून तो तसाच वाजू देतो. लेकराला हे सारे गाण्याचाच भाग वाटत असल्यामुळे पुढे तोच मोर शेजाऱ्याच्या टीव्हीवर विनाअडथळा नाचताना दिसला, तर ते ‘दाजी’ कुठे गेले म्हणून रडू लागते. इकडे भूमचे दाजी, आपला फोन उचलला नाही म्हणून, पुढच्या कार्याला येऊन जेवत नाहीत. तंत्रज्ञानाचा कुटुंबसंस्थेवर होणारा परिणाम मोजू पाहणाऱ्यांनी या दृष्टीने दाजींच्या मुलाखती घ्याव्यात.

यांपैकी तिसऱ्या प्रकाराच्या मुळाशी ज्या यंत्रणा असू शकतात, त्यांपैकी ‘वायटी-डीएलपी’ या साधनाचा उल्लेख आवश्यक ठरतो. संगणकावर आज्ञा लिहून चालवायचे हे खुले साधन ‘यूट्यूब-डीएल’ नावाच्या जुन्या साधनापासून फुटून निघाले आहे. त्या जुन्या साधनावर अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने ऑक्टोबर २०२० मध्ये आक्षेप घेतल्यामुळे ते गिटहब या संकेतस्थळावरून हटवले गेले आणि पुढच्याच महिन्यात परत आले. यूट्यूबचा सर्व्हर, म्हणजे चित्रफिती साठवून ठेवणारा आणि मागेल त्याला देणारा संगणक, मागणारा कोण आहे हे पाहून देतो; म्हणून हे साधन बहुरूप्याप्रमाणे वेश बदलून त्याच्या दारात उभे राहते. कधी ते टीव्ही असल्याचे सांगते, कधी आयफोन, तर कधी आभासी वास्तवाचा चष्मा, म्हणजे डोळ्यांवर बांधून त्रिमितीय जग पाहण्याचे यंत्र. या चष्म्याचा वेश बराच सोयीचा असला तरी त्याला एक मर्यादा आहे, आणि ती त्या साधनाच्या माहितीपत्रकातच नोंदलेली आहे: मुलांसाठीचा शिक्का असलेली चित्रफीत या वेशाला मिळत नाही. वाशीतील एखादा पदवीधर तरुण भाचीसाठी चिमणीची गोष्ट उतरवू पाहतो तेव्हा ‘चित्रफीत उपलब्ध नाही’ असे जे उत्तर येऊ शकते, त्यामागे कधी कधी असा प्रसंग घडलेला असतो की त्याच्या जुन्या लॅपटॉपने यूट्यूबच्या दारात जाऊन आपण महागडा चष्मा असल्याची थाप मारलेली असते आणि दारवानाने त्याला लहान मुलांच्या खोलीत जाण्यापासून रोखलेले असते. याच्या उलट, प्रौढांसाठीच्या चित्रफितीकरिता खाते उघडून आपण सज्ञान असल्याचे पटवावे लागते. म्हणजे मोठ्यांचे पाहण्यासाठी मोठे असल्याचा पुरावा लागतो आणि लहानांचे पाहण्यासाठी मोठ्यांचे खेळणे नसल्याचा. दोन्हीकडे खोटे बोलतो तो बिचारा लॅपटॉप.

लहान कोण, हा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. अमेरिकी कायद्याचे मूल तेराव्या वाढदिवशी मोठे होते. भारताच्या २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार मात्र अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत ते मूलच राहते. या कायद्यात ‘विदा’ म्हणजे व्यक्तीविषयीची माहिती असून, मुलाची विदा हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घ्यावी, मुलांचा माग काढू नये, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करू नयेत, असे त्यात सांगितले आहे, आणि मुलांबाबतची ही बंधने मोडल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याचा उद्देश स्तुत्य आहे. परंतु ‘पडताळता येण्याजोगी संमती’ या शब्दसमूहात कायदा लिहिणाऱ्यांनी पालक आणि मूल यांच्या हातात दोन स्वतंत्र फोन असल्याचे गृहीत धरलेले दिसते. वाशीतील असंख्य घरांत फोन एकच असतो. त्याचे सिम वडिलांच्या नावावर, रिचार्ज काकांच्या पैशाने, भेगाळलेली काच सर्वांच्या कृपेने आणि कुलपाचा नमुना फक्त लेकराला ठाऊक, अशी मालकीची वाटणी असते. संमतीसाठी येणारा ओटीपी अशा घरात वडिलांच्या नावे येतो, लेकराच्या हातात पडतो आणि वडिलांना चष्मा सापडेपर्यंत भरलाही जातो. सतरा वर्षांचा, बारावीला बसलेला, भौतिकशास्त्राचे तास ऑनलाइन पाहणारा मुलगाही याच व्याख्येत मूल ठरतो; तो बापाच्या खांद्याच्या वर गेलेला असून आजोबांच्या पेन्शनचे सारे ऑनलाइन काम तोच पाहतो, हा तपशील कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे.

या साऱ्या विवेचनावरून शिक्का निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. मुलांच्या मागावर राहून त्यांना वस्तू विकण्याचा धंदा थांबवणे आवश्यकच होते, आणि २०१७ मध्ये परिचित कार्टूनपात्रांच्या आडून विकृत दृश्ये मुलांपर्यंत पोचवणाऱ्या चित्रफिती उघडकीस आल्या, तेव्हा केवळ रंगीत चित्रावर विसंबणाऱ्या पालकांची झालेली फसगत साधी नव्हती. निर्मात्याचे पोट जाहिरातींवर चालते आणि सरसकट उतरवून घेण्याने त्याचे नुकसान होते, हेही खरे आहे. शिक्क्याचा दोष वेगळा आहे: तो मुलाला एकटे समजतो. त्याच्या कल्पनेतील मूल स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या यंत्रासमोर, अखंड इंटरनेटवर बसलेले असते. त्याच्या पाठीशी घास हातात धरलेली आजी, पॅक संपत आलेला बाप आणि डोंगराआड गेलेला टॉवर असू शकतो, हे त्याला ठाऊकच नाही. त्यामुळे तो मुलाचे रक्षण करताना मुलाला चित्रफीत ज्यांच्या हातून मिळते, त्यांचेच हात बांधतो.

हे अटळ नाही, याची उदाहरणे मराठीतच आहेत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत असून त्याचे जुने अंक संकेतस्थळावरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. ते अंक अठ्ठेचाळीस तासांनी कोरे होत नाहीत आणि मागणारा आजोबा आहे की नातू, याची चौकशी करत नाहीत. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी अ‍ॅपवर पाठ्यपुस्तकातील चौकोनी क्यूआर कोड दाखवला की धड्याची चित्रफीत येते आणि ती फोनमध्ये ठेवून इंटरनेटशिवाय पाहता येते. हा साठा मोठ्यांनी मुलांसाठी जपून ठेवण्याच्या लायकीचा आहे, असे त्यांच्या कर्त्यांनी गृहीत धरले; आणि बेगमीची सुरुवात याच गृहीतापासून होते. त्यांत नाचरे मासे नाहीत, ही लेकरांची तक्रार मात्र ग्राह्य धरावी लागेल.

तोवर, प्रवासाला निघणाऱ्या पालकांना एकच व्यवहार्य सूचना करता येते. वाशीच्या बसस्थानकावर गाडीत चढण्याआधी, उतरवून घेतलेली प्रत्येक चित्रफीत फोन विमानावस्थेत, म्हणजे एअरप्लेन मोडवर टाकून एकदा लावून पाहावी. ती चालली, आवाजासह चालली आणि मध्येच इंटरनेट मागत नसली, तर ती बेगमी समजावी. न चालल्यास ती उसनवारी होती असे समजून पिशवीत बिस्किटाचा पुडा जास्तीचा घ्यावा आणि मोराचा आवाज काढण्याची जबाबदारी कोणाची, हे गाडी सुटण्यापूर्वी आपसांत ठरवून घ्यावे.